पुस्तकावरची बंदी आणि माणसावरची बंदी

१/
सातव्या शतकातील महाराष्ट्र कसा होता, असे कुणी विचारले की शाळेत शिकलेले एक नाव आपल्या ओठांवर येते : युआन श्वांग. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातील माणसे साधी, मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा सूड घेतल्यावाचून न राहणारी आहेत, असे त्याने लिहून ठेवले. लढाईपूर्वी योद्ध्यांना आणि हत्तींना मद्य पाजले जाई, हेही त्याने नोंदवले. त्या वर्णनात कौतुक आहे आणि न रुचण्याजोगेही आहे. आपण दोन्ही जपून ठेवले, कारण त्या काळाचा दुसरा इतका जवळचा साक्षीदार आपल्यापाशी नाही.

२/
हा साक्षीदार स्वतःच्या देशातून चोरून निघाला होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पश्चिम सीमेपलीकडे जाण्यास तांग राजवटीने त्या काळी मनाई केली होती. युआन श्वांगने परवानगी मागितली. ती मिळाली नाही. मग रात्रीच्या अंधारात सरहद्दीवरच्या पहाऱ्याचे बुरूज चुकवीत तो वाळवंटात शिरला. इ. स. ६४५ मध्ये तो ग्रंथांचा भार घेऊन परतला, तेव्हा मनाई करणाऱ्या त्याच दरबाराने त्याचा सत्कार केला.

३/
आजच्या युआन श्वांगला बुरूज चुकवता येत नाहीत. तो विमानाने येतो, काचेच्या खिडकीपुढे उभा राहतो आणि आतला संगणक त्याचे नाव वाचतो. मित्रहो, आजचा हा धागा त्या खिडकीविषयी आहे. नेहमीप्रमाणे यात इतिहास आहे. पण या वेळी माझे मतही आहे आणि ते आरंभीच सांगतो : विद्वानाला व्हिसा नाकारणे ही ग्रंथबंदीच आहे. फरक इतकाच की ग्रंथबंदीचा कागद मागे राहतो, हिचा राहत नाही.

४/
आधी थोडी पार्श्वभूमी. प्रवासासाठी परवाना लागणे नवे नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'दस्तक' हा शब्द जागोजागी भेटतो. परंतु देशाच्या सीमेवर प्रत्येक परक्या माणसाची कागदपत्रे तपासणारी आजची व्यवस्था मुख्यतः पहिल्या महायुद्धाची देणगी आहे. युद्धापुरती म्हणून आलेली बंधने युद्ध संपल्यावर गेली नाहीत. आपल्याकडे १९२० चा पासपोर्ट (भारतप्रवेश) कायदा, १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा हे सारे इंग्रजी अमदानीत झाले.

५/
स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये हान्स म्यूलर या जर्मन नागरिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश आहे आणि येथे राहण्याचा हक्क परकीयाला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने कायदे जाऊन इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. कलमे बदलली, दंड वाढले. पण 'का नाकारले' हे सांगण्याचे बंधन सरकारवर नव्हते, ते आजही नाही.

६/
याद्या किती चिवट असतात, याचे आपल्या घरचे उदाहरण पाहा. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक. पुढे ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि मका-गव्हाच्या वाणांवरील कामासाठी तेथे नावाजले गेले. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. इंग्रज सरकारने त्यांना मायदेशी येण्यास बंदी केली होती. इंग्रज गेले; बंदी कागदात राहिली. स्वतंत्र भारतात परतण्यासाठी खानखोज्यांनी केलेला अर्ज त्या जुन्या बंदीपायी आधी फेटाळला गेला आणि मग तो निर्णय फिरवावा लागला.

७/
यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हेच या प्रसंगात मला सर्वांत भयंकर वाटते. स्वतंत्र भारताला खानखोज्यांशी वैर धरण्याचे कारण नव्हते. एका कारकुनाने यादी उघडली, नाव दिसले, शिक्का मारला. ज्या यादीला कारण जोडलेले नसते, ती कारण संपल्यावरही चालूच राहते.

८/
आता अलीकडच्या घटना. मार्च २०२२ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ फिलिप्पो ओसेला तिरुवनंतपुरमला उतरले. केरळच्या समाजजीवनावर तीस वर्षांहून अधिक काळ काम केलेला हा माणूस मच्छीमार समाजांविषयीच्या परिषदेसाठी आला होता. हाती वैध व्हिसा होता. कारण न सांगता त्यांना परत पाठवण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्या निताशा कौल यांना कर्नाटक सरकारने संविधानविषयक परिषदेचे निमंत्रण दिले होते. बेंगळुरूच्या विमानतळावरून त्यांना माघारी जावे लागले.

९/
ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळावर फ्रान्चेस्का ओर्सिनी यांच्या वाट्याला हेच आले. हिंदी साहित्याच्या अभ्यासकांना हे नाव सांगावे लागत नाही. १९२० ते १९४० या काळात हिंदीचे सार्वजनिक विश्व कसे घडले, यावरचा त्यांचा ग्रंथ प्रमाण मानला जातो. त्यांच्यापाशी पाच वर्षांचा वैध ई-व्हिसा होता. कारण सांगितले गेले नाही, असे त्यांचे म्हणणे. नंतर सरकारी सूत्रांच्या हवाल्याने बातम्या आल्या की पूर्वीच्या भेटींत व्हिसाच्या अटींचा भंग झाल्याने मार्च २०२५ पासून त्यांचे नाव काळ्या यादीत होते.

१०/
येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. 'पर्यटक-व्हिसावर संशोधन करणे नियमबाह्य आहे. नियम मोडला तर परत पाठवणारच.' ठीक. परंतु मग ते मार्चमध्येच एका पत्राने का कळवले नाही? व्हिसा रद्द का केला नाही? अर्धे जग ओलांडून आलेल्या माणसाला खिडकीपाशी कळावे आणि आपल्याला 'सूत्रांकडून' कळावे, ही नियमपालनाची रीत नव्हे. शिवाय साहित्याच्या अभ्यासकाचे संशोधन नेमके कोठे सुरू होते? जुन्या पुस्तकांच्या दुकानात? मित्राच्या बैठकीत कवितेवर वाद घालताना? नियम जितका धूसर, तितका तो हव्या त्या माणसावर हवा तेव्हा लावता येतो.

११/
दुसरा आक्षेप : 'प्रत्येक देश हेच करतो.' हेही खरे आहे. अमेरिकेने १९५२ च्या मॅकॅरन-वॉल्टर कायद्याने विचारसरणीच्या आधारावर प्रवेश नाकारण्याची सोय करून ठेवली. त्या कायद्यापायी गाब्रिएल गार्सिया मार्केससारख्या लेखकालाही अनेक वर्षे व्हिसासाठी अडचणी आल्या. २००४ मध्ये तारिक रमादान यांना नोत्र दाम विद्यापीठात शिकवायला जायचे होते. व्हिसा ऐनवेळी रद्द झाला आणि ती बंदी उठायला २०१० उजाडले.

१२/
आजही तेच. २०२५ मध्ये अमेरिकेने विद्यार्थी-व्हिसाच्या अर्जदारांना आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवायला सांगितले. हा धागा वाचणाऱ्यांपैकी जे तिकडे अर्ज करत आहेत, त्यांनी त्या आठवड्यात काय काय पुसून टाकले, हे त्यांचे त्यांना ठाऊक. ब्रिटनमध्ये याच वर्षी एका भारतीय इतिहासकाराला कायम वास्तव्य नाकारल्याची बातमी आली. दहा वर्षांत ५४८ दिवस देशाबाहेर राहण्याची मुभा होती. त्या ६९१ दिवस भारतात होत्या. कशासाठी? वसाहतकाळाच्या संशोधनासाठी येथील दप्तरखान्यांत. इतिहासकाराने दप्तरखान्यात घालवलेले दिवस तिच्याच विरुद्ध मोजले गेले.

१३/
पण 'सगळेच करतात' हे स्पष्टीकरण झाले, समर्थन नव्हे. अमेरिकेच्या उदाहरणातून घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. १९६९ मध्ये बेल्जियमचे मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ एर्नेस्ट मांडेल यांना स्टॅनफर्ड विद्यापीठातील परिषदेचे निमंत्रण होते. व्हिसा नाकारला गेला. तेव्हा अमेरिकेतले प्राध्यापक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे : मांडेलना येथे येण्याचा हक्क नसेल, पण त्यांना समोर बसवून ऐकण्याचा, प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हा नागरिकांना आहे आणि तो हिरावला गेला आहे.

१४/
१९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते ६ विरुद्ध ३ मतांनी हरले. परंतु हरताना एक गोष्ट नोंदवली गेली : व्हिसा नाकारल्याने ऐकणाऱ्या नागरिकांच्या हक्काला धक्का लागतो, हे न्यायालयाने नाकारले नाही. सरकारने सकृद्दर्शनी रास्त कारण दाखवले, एवढ्यावर खटला निकाली निघाला. आपल्या संविधानातील एकोणिसावे कलम नागरिकांसाठी आहे, परकीयाला त्याचा आधार नाही. पण अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचा हक्क अंतर्भूत आहे, हे आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मग विमानतळावर अडवला जातो तो केवळ पाहुणा का? सभागृहात वाट पाहणारे विद्यार्थीही अडवले जातात.

१५/
आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो आणि त्यासाठी पुण्याला जावे लागेल. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून जे घडले, ते आपण सारे जाणतो. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकातील काही विधानांना पुरावा नाही, असे मानणाऱ्यांत मीही आहे. येथे विषय तो नाही. विषय आहे, पुढे काय झाले हा.

१६/
ग्रंथबंदी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ९५ व्या कलमाखाली होत असे. त्यासाठी सरकारला अधिसूचना काढावी लागे, तीत आपल्या मताची कारणे द्यावी लागत आणि ९६ व्या कलमान्वये ती उच्च न्यायालयात तपासून घेता येई. नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. लेन यांच्या पुस्तकाबाबत नागरिक न्यायालयात गेले. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

१७/
तो निकाल कुणाला पटो वा न पटो, अभ्यासकाच्या दृष्टीने पाहा. अधिसूचना आहे, याचिका आहे, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आहेत, निकालपत्रे आहेत, वृत्तपत्रांतले वाद आहेत. शंभर वर्षांनी कुणी विद्यार्थी 'एकविसाव्या शतकारंभीचा महाराष्ट्र आणि इतिहासलेखन' असा प्रबंध लिहू लागला, तर त्याला कागद मिळतील. सरकारने कारण दिले होते, म्हणून ते कारण अपुरे ठरवता आले.

१८/
आणि लेखकालाच खिडकीवरून परत पाठवले असते तर? ना अधिसूचना, ना कारण, ना अपील, ना निकालपत्र. पुस्तकाला आपल्या कायद्याने जे संरक्षण दिले आहे, ते पुस्तक लिहिणाऱ्या परक्या माणसाला दिलेले नाही. म्हणूनच कोणत्याही सरकारला, कोणत्याही पक्षाच्या, हा मार्ग सोयीचा वाटतो. पुस्तकावर बंदी घातली की पुस्तक गाजते. माणसाला परत पाठवले की दोन दिवस बातमी होते आणि मग शांतता.

१९/
त्या शांततेचा परिणाम परत गेलेल्या तिघाचौघांपुरता राहत नाही. मोडी लिपीच्या वर्गात माझ्या शेजारी एक परदेशी संशोधक विद्यार्थिनी बसत असे. तिचे मराठी माझ्या इंग्रजीपेक्षा बरे. तिला १९७० नंतरच्या ग्रामीण चळवळींवर लिहायचे होते. गावेही ठरली होती. मायदेशीच्या मार्गदर्शकांनी सुचवले की व्हिसाचे नूतनीकरण निर्वेध व्हायचे असेल, तर विषय जुना घे. आता ती अठराव्या शतकातील देवस्थानांच्या इनामांवर काम करते. 'मेलेली माणसे व्हिसा अडवत नाहीत,' असे हसून म्हणाली. मलाही हसू आले. घरी जाताना ते टिकले नाही.

२०/
तिला कुणी काही नाकारले नव्हते. एकही अर्ज फेटाळला गेला नव्हता. उद्या कुणी आकडेवारी मागितली, तर तिचे नाव कोठेही येणार नाही. इनामांवरचा तिचा प्रबंध उत्तम होईल, याची मला खात्री आहे. पण त्या गावांतल्या ज्या बायका तिला आपली हकीकत सांगणार होत्या, त्या दरवर्षी म्हाताऱ्या होत आहेत. न लिहिलेल्या प्रबंधांचे दप्तर कोणत्या रुमालात बांधलेले असते?

२१/
तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. 'आपला इतिहास आपण लिहू, परक्यांची गरज काय?' वसाहतकाळात परक्यांनी आपल्याविषयी जे लिहिले, ते पाहता हा प्रश्न उद्दामपणाचा नाही. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद जमवले ते याच जिद्दीने. पण ती जिद्द स्वतः काम करण्याची होती, दुसऱ्याचे काम थांबवण्याची नव्हती.

२२/
आणि जरा आपल्याच कपाटाकडे पाहू. एलिनॉर झेलियट १९६० च्या दशकात डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर संशोधन करत होत्या, तेव्हा आपल्या विद्यापीठांत तो विषय क्वचितच कुणी घेत असे. गेल ऑम्व्हेट बर्कलेहून सत्यशोधक चळवळीचे कागद शोधत आल्या आणि पुढे कासेगावच्याच झाल्या. गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर बिरोबा-खंडोबाच्या ओव्या ऐकत फिरले. ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव ग्रंथांचे भाषांतर केले आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासह प्राचीन मराठीचा कोश सिद्ध केला. मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या लाखभर ओव्या जमा केल्या.

२३/
यांच्याशीही मतभेद झाले, व्हावेत. परंतु कल्पना करा : १९७० च्या सुमारास एखाद्या अधिकाऱ्यापुढे अर्ज आला आहे. अर्जदार तरुण अमेरिकन स्त्री, विषय ब्राह्मणेतर चळवळ, राजकीय मते डावी. 'अनिष्ट' म्हणून बाजूला ठेवायला याहून काय हवे? तो शिक्का बसला असता, तर आपण काय गमावले हेही आपल्याला कळले नसते. कोणते संशोधन पुढे मोलाचे ठरेल, हे अर्ज पाहून ओळखता येत नाही.

२४/
देशाच्या सुरक्षिततेचे प्रश्न खोटे नाहीत. संशोधक म्हणवून हेरगिरी केल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात आहेत. प्रवेश नाकारण्याचा सरकारचा अधिकारच काढून घ्या, असे मी म्हणत नाही. ग्रंथबंदीला जी शिस्त आहे, तेवढीच येथे मागतो आहे. एक : विद्वानाला किंवा त्याला बोलावणाऱ्या संस्थेला नकाराचे कारण लेखी मिळावे, गुप्त ठेवण्याजोगे असेल तर ते न्यायाधीशाला तरी दाखवावे. दोन : वैध व्हिसा रद्द केला असेल, तर ते प्रवासापूर्वी कळवावे. तीन : यादीतील नावांचा ठरावीक मुदतीने फेरविचार व्हावा, म्हणजे दुसरा खानखोजे घडणार नाही. चार : पर्यटक, परिषद आणि संशोधन या व्हिसांच्या सीमा सोप्या भाषेत लिहून ठेवाव्यात.

२५/
हे अशक्य आहे असे मानू नका. जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांनाही पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. त्यात 'देशांतर्गत बाबी' असा एक ऐसपैस शब्दप्रयोग होता. वैज्ञानिकांच्या संस्थांसह अनेकांनी लेखी हरकती घेतल्या आणि पुढच्याच महिन्यात ते आदेश मागे घेतले गेले. आदेश कागदावर होता, म्हणून त्यावर बोट ठेवता आले.

२६/
आणि सरकार कागद देत नसेल तोवर एक काम आपण करू शकतो. आपल्या विभागात, महाविद्यालयात, अभ्यासमंडळात ज्या परदेशी अभ्यासकाला बोलावले आणि जो येऊ शकला नाही, त्याची नोंद ठेवा. नाव देणे त्याच्या अडचणीचे असेल तर नाव नको. तारीख, व्याख्यानाचा विषय, निमंत्रण केव्हा गेले, उत्तर काय आले, एवढे पुरे. एक साधी वही घ्या आणि ग्रंथालयात ठेवा. पुढच्या अभ्यासकाला ती वही सापडली, तर त्याचा पहिला कागद आपण दिलेला असेल.

धागा समाप्त. मतभेद असतील ते खाली लिहा. कारणांसह लिहा, एवढीच विनंती.